बिअर मिळते, पण आसनावर नेता येत नाही: इंग्लिश फुटबॉल स्टेडियममधल्या खाण्यापिण्यामागचा कायदा आणि गणित

उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबचे ६२,८५० आसनांचे नवे स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथे अमेरिकन फुटबॉल या वेगळ्या खेळाचे सामनेही होऊ लागले. अमेरिकन फुटबॉलच्या दिवशी प्रेक्षक काउंटरवर बिअर घेतो, पेला हातात धरून पायऱ्या चढतो आणि आपल्या आसनावर बसून सामना पाहता पाहता ती पितो; त्याला कोणी हटकत नाही. काही दिवसांनी तोच प्रेक्षक त्याच काउंटरवरची तीच बिअर घेऊन त्याच आसनावर बसला आणि समोर प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा सामना चालू असला, तर मात्र तो फौजदारी गुन्हा ठरतो. त्यासाठी दंड, तीन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भारतात रात्री जागून हे सामने पाहणाऱ्यांना या नियमाचा एक परिणाम पडद्यावर नेहमी दिसतो, पण त्याचे कारण सहसा लक्षात येत नाही. मध्यंतर संपून खेळ सुरू झालेला असतो, तरी आसनांच्या कित्येक रांगा अर्ध्या रिकाम्या दिसतात, आणि पूर्वार्धाची शेवटची पाच मिनिटे उरलेली असताना लोक उठून बाहेर जाऊ लागतात. त्यांना खेळात रस नसतो असे नाही. खाणे आणि बिअर मिळण्याची जागा, ती पिण्याची जागा आणि खेळ पाहण्याची जागा या तीन गोष्टी इंग्लंडमध्ये कायद्यानेच एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या आहेत, आणि या वेगळेपणामुळे तिथे काय शिजवले जाते, बिअर कशी ओतली जाते, रांगा कुठे लागतात आणि क्लबला पैसा कुठून मिळतो, हे सगळे ठरत गेले आहे. हा कायदा कसा आला, तो काय सांगतो आणि त्याच्यामुळे स्टेडियमचे पोट कसे चालते, ते या लेखात क्रमाने पाहू.

१९८५ साली काय घडले

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागते. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश कपचा अंतिम सामना सेल्टिकने रेंजर्सविरुद्ध १–० असा जिंकला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचे पाठीराखे मैदानात उतरून एकमेकांवर तुटून पडले. घोडेस्वार पोलिसांना मैदानात शिरावे लागले. त्याच वर्षी आलेल्या फौजदारी कायद्याने स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर मद्य बंद झाले. इंग्लंडमध्ये असा कायदा व्हायला आणखी पाच वर्षे लागली, आणि तो झाला तो एका अत्यंत वाईट वर्षात. मार्च १९८५ मध्ये लूटन इथे मिलवॉलच्या पाठीराख्यांनी घातलेला धुमाकूळ साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. ११ मे रोजी बर्मिंगहॅममध्ये दंगल झाली, आणि त्याच दुपारी ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी केलेल्या चढाईत एक भिंत कोसळली आणि ३९ जण मरण पावले, ज्यांत बहुसंख्य इटालियन होते.

ब्रॅडफर्डच्या आगीचा मद्याशी काहीही संबंध नव्हता. ती जुनाट बांधकामाची आणि स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याची आग होती. पण त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे सार्वजनिक शांततेला धोका, ही धारणा इतकी घट्ट झाली होती की मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने क्रीडा सामन्यांच्या वेळी मद्यावर नियंत्रण आणणारा कायदा काही आठवड्यांत संसदेतून मंजूर करून घेतला आणि २५ जुलै १९८५ रोजी त्याला राजमान्यता मिळाली. कायद्याच्या नावात फुटबॉलचा उल्लेख नाही, तिथे केवळ ‘क्रीडा सामने’ असे शब्द आहेत. मात्र तो कोणत्या सामन्यांना लागू होईल हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशात फक्त फुटबॉलचे सामने घातले गेले. म्हणून क्रिकेट, रग्बी, अमेरिकन फुटबॉल किंवा गाण्याची मैफल यांना तो लागत नाही. लंडनच्या लॉर्ड्सवर प्रेक्षकाला मर्यादित प्रमाणात स्वतःचे मद्य घरून आणण्याचीही मुभा असते.

या कायद्यातल्या तरतुदी नीट वाचल्या तर बरेच गैरसमज दूर होतात. पहिला गैरसमज असा की इंग्लंडच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बिअर मिळतच नाही. ती मिळते, आणि भरपूर मिळते. मनाई आहे ती मैदान जिथून थेट दिसते अशा जागी मद्य जवळ बाळगण्याला. सामना सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून तो संपल्यानंतर एक तासापर्यंत ही मनाई चालते. दुपारी तीनचा सामना असेल तर एकच्या ठोक्यापासून संध्याकाळी जवळजवळ सहापर्यंत आसनावर बिअर नेता येत नाही. मात्र स्टँडच्या खाली किंवा मागे जो रुंद बंदिस्त पट्टा असतो, ज्याला तिथे कॉनकोर्स म्हणतात, तिथून मैदान दिसत नसल्यामुळे बिअर विकायलाही हरकत नाही आणि प्यायलाही हरकत नाही. कायद्याचा शब्द ‘थेट’ असा असल्यामुळे कॉनकोर्समधल्या टीव्हीच्या पडद्यावर तोच सामना पाहत बिअर पिणे पूर्णपणे कायदेशीर आहे, जरी खरा खेळ भिंतीपलीकडे वीस पावलांवर चालू असला तरी.

बाहेरून मद्य घेऊन आत शिरणे किंवा नशेत आत येण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे. फेकून मारता येईल अशी बाटली किंवा डबा आत नेता येत नाही. पाठीराख्यांना सामन्याला घेऊन जाणाऱ्या खास बस आणि रेल्वेगाड्यांमध्येही मद्य वर्ज्य आहे, त्यामुळे न्यूकॅसलहून लंडनला सहा तासांचा प्रवास करणाऱ्या पाठीराख्यांच्या बसला तो अख्खा प्रवास कोरडाच करावा लागतो. श्रीमंत पाहुण्यांसाठी काचेमागच्या ज्या खासगी खोल्या असतात त्यांना थोडी वेगळी वागणूक आहे: तिथे मनाईचा काळ सामन्याच्या १५ मिनिटे आधीपासून सामना संपल्यावर १५ मिनिटांपर्यंत इतकाच आहे. पण खोलीतून मैदान दिसत असेल तर सामना चालू असताना तिथेही मद्य चालत नाही, आणि म्हणून मध्यंतरात पाहुण्यांना वाइन देण्यासाठी काही ठिकाणी काचेवर पडदे ओढून घेतले जातात.

कायदा सर्व स्तरांना लागू नाही. वरच्या पाच श्रेणींचे क्लब त्यात येतात, सहाव्या श्रेणीपासून खालचे क्लब आपापसांत खेळतात तेव्हा ते सुटतात. गावातल्या छोट्या क्लबाच्या मैदानावर कठड्याला रेलून, हातात बिअर धरून सामना पाहणे हा आजही इंग्लंडमधल्या शनिवार दुपारचा साधा, निरुपद्रवी आनंद आहे. असा क्लब बढती मिळवत पाचव्या श्रेणीत पोहोचला, की त्याच लोकांना त्याच कठड्यापाशी तेच करणे बेकायदा होते.

माझ्या मते या कायद्याचा सर्वांत खोल परिणाम तरतुदींत नसून त्याने पक्क्या केलेल्या समजुतीत आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे मृत्युमुखी पडले. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी तातडीने दोष दिला तो दारू प्यालेल्या प्रेक्षकांना. मृतांच्या रक्तातले मद्याचे प्रमाण तपासले गेले, आणि त्या मृतांत लहान मुलेही होती. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी दिलेल्या अंतरिम अहवालात मुख्य कारण पोलिसांचे गर्दीवरचे नियंत्रण सुटणे हेच असल्याचे स्पष्ट केले, तरी दारूची ती कहाणी पुढे दोन दशके टिकून राहिली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने ती खोडून काढली आणि २०१६ मध्ये चौकशीतल्या ज्यूरीने पाठीराख्यांचा कोणताही दोष नसल्याचा निर्वाळा दिला. फुटबॉल, मद्य आणि धोका हे तीन शब्द एकत्र उच्चारण्याची सवय किती महागात पडू शकते, हे त्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षे भोगले.

टेलर यांच्या १९९० च्या अंतिम अहवालातली एक बाजू मात्र कमी आठवली जाते. सर्वांना आसने असावीत ही त्यांची शिफारस प्रसिद्ध झाली, पण मैदानांवरची स्वच्छतागृहे ओंगळ आहेत आणि खाण्याचे पदार्थ मोजके आणि सुमार आहेत, हेही त्यांनी त्यात नोंदवले होते. लोकांना गुराढोरांसारखे वागवले तर त्यांच्या वागण्यावरही त्याचा परिणाम होतो, अशी त्या विवेचनाची दिशा होती. आज इंग्लंडमधल्या नव्या स्टेडियमांत रुंद कॉनकोर्स, स्वच्छ काउंटर आणि बऱ्यापैकी जेवण दिसते, त्याचे मूळ काही अंशी या अहवालात आहे.

पंधरा मिनिटांचा धंदा

आता गणिताकडे वळू. फुटबॉलच्या नियमावलीतला सातवा नियम सांगतो की मध्यंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त असू नये. क्रिकेटमध्ये षटकांच्या मध्ये, बळी पडल्यावर, पाणी पिण्याच्या वेळी माणूस उठून काही घेऊन येऊ शकतो; फुटबॉलमध्ये ४५ मिनिटे डोळे हलवता येत नाहीत, कारण सामन्यातला एकमेव गोल कधीही होऊ शकतो. आपल्याकडे नाट्यगृहात पहिला अंक संपताच बटाटेवड्याच्या काउंटरकडे जी झुंबड उडते, तिची कल्पना आठशे माणसांऐवजी साठ हजार माणसांवर केली, की या धंद्याची अडचण लगेच ध्यानात येते.

एका स्टँडमध्ये १५,००० प्रेक्षक आहेत असे धरू, आणि त्यांच्यापैकी एक तृतीयांश लोकांना मध्यंतरात काहीतरी हवे आहे असे मानू. म्हणजे ५,००० गिऱ्हाइके झाली. १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. मागणी सांगणे, पेला भरणे, पैसे देणे यांना प्रत्येकी ३० सेकंद लागले तर एका काउंटरवरून मध्यंतरात ३० गिऱ्हाइके आटोपतील, म्हणजे त्या एका स्टँडला १६० हून अधिक काउंटर आणि तितकेच कर्मचारी लागतील. यात चालत जाण्याचा आणि स्वच्छतागृहाच्या रांगेचा वेळ धरलेलाच नाही. हाच वेळ ३० वरून १५ सेकंदांवर आणता आला तर निम्म्या काउंटरांत काम भागते. स्टेडियममधल्या खाण्यापिण्यात गेल्या वीस वर्षांत जे जे बदल झाले, रोकड बंद करून कार्ड टेकवून पैसे घेणे असो, मोजकीच पदार्थांची यादी असो किंवा फोनवरून आधी मागणी नोंदवणे असो, त्या प्रत्येकाचा हेतू हे सेकंद वाचवणे हाच आहे.

इंग्लंडमध्ये कायदा हे गणित आणखी अवघड करतो. विकत घेतलेली बिअर आसनावर नेता येत नाही म्हणजे ती त्याच पंधरा मिनिटांत कॉनकोर्समध्येच उभ्याने संपवावी लागते. त्यामुळे रांगेतले लोक, बिअर घेऊन उभे असलेले लोक आणि स्वच्छतागृहाकडे निघालेले लोक हे सगळे एकाच पट्ट्यात अडकतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि रांगेत सात-आठ मिनिटे गेल्यावर उरलेल्या वेळात ती घाईघाईने घशाखाली उतरवावी लागते. जो कायदा पिण्यावर लगाम घालण्यासाठी केला, तोच सावकाश पिणे अशक्य करतो, हा पाठीराख्यांच्या संघटनांचा मुख्य आक्षेप आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो.

बिअरला स्वतःचीही एक अडचण आहे: फेस. लागर बिअरच्या एका लिटरमध्ये साधारण पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. द्रव थंड असेल आणि त्यावर पुरेसा दाब असेल तोवर तो वायू आत राहतो. बिअर नळीत थोडी कोमट झाली, दाब चुकला किंवा ती जोरात आदळली, की वायू बाहेर पडून पेलाभर फेस होतो. फेस बसेपर्यंत थांबणे किंवा तो फेकून देणे, दोन्हीत सेकंद आणि पैसा जातो. साध्या पबमध्ये पिंप नळापासून काही मीटरवर असते, पण स्टेडियममध्ये तळघरातल्या थंड खोलीपासून वरच्या मजल्यावरच्या नळापर्यंत बिअरला बराच प्रवास करावा लागतो. म्हणून बिअरच्या नळ्या आणि थंड पाण्याच्या नळ्या एकत्र बांधून त्यांच्यावर जाड उष्णतारोधक आवरण घालतात, जेणेकरून नळीतली बिअर वाटेत तापणार नाही. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या ५० लिटरच्या एका पिंपातून ८८ पाइंट निघतात. मध्यंतराच्या गर्दीत व्यग्र काउंटरवर ते बघता बघता रिकामे होते, त्यामुळे एक संपताच दुसऱ्याकडे आपोआप वळणारी जोडणी लागते. पारंपरिक इंग्लिश एल, जी पिंपातच हळूहळू पक्व होते आणि गाळ बसण्यासाठी जिला स्थिर ठेवावे लागते, ती या वेगात टिकत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये बहुतेक काउंटरवर लागरच दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये तर बिअर वरून ओतली जात नाही, ती तळातून भरली जाते. पेल्याच्या बुडाला एक भोक असते आणि त्यावर लहानशी चुंबकीय चकती बसवलेली असते. पेला यंत्रावर दाबून ठेवला की चकती वर उचलली जाते आणि बिअर खालून शिरते. ठरलेले माप भरले की प्रवाह आपोआप थांबतो, पेला उचलताच चुंबक चकतीला पुन्हा जागेवर ओढून घेतो आणि वरच्या द्रवाचे वजनही ती बंद ठेवायला मदत करते. खालून हळुवार शिरल्यामुळे बिअर कमी घुसळली जाते, फेस आटोक्यात राहतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्मचाऱ्याचे हात मोकळे राहून तो एकाच वेळी अनेक पेले भरू शकतो. त्याच स्टेडियममध्ये दक्षिण स्टँडखाली ६५ मीटर लांबीचा बार आहे आणि बिअर गाळण्याची एक छोटी भट्टीही आहे.

खाण्याच्या पदार्थांनाही हीच कसोटी लागते, आणि त्या कसोटीला इंग्लंडमध्ये सर्वांत चांगली उतरते ती मांसाचे सारण भरलेली खारी पाई. मैद्याच्या जाड, घट्ट आवरणात सारण बंद असते, त्यामुळे ताट लागत नाही, चमचा लागत नाही, आणि एका हाताने खाता येते. ती कारखान्यात तयार होऊन येते, स्टेडियममध्ये फक्त ओव्हनमध्ये तापवून गरम कपाटात रचून ठेवायची असते. ब्रिटनच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गरम ठेवायचे अन्न ६३ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमानाला ठेवावे लागते. बर्गरमधला पाव अशा कपाटात तासाभरात मऊ पडतो, पाईचे आवरण मात्र टिकून राहते. मध्यंतराच्या आधी शेकडो नग तयार ठेवता येतात आणि शिट्टी वाजताच विकायला सुरुवात करता येते. शिवाय पाई आसनावर नेता येते, कारण कायद्याचा रोख फक्त मद्यावर आहे. स्कॉटलंडमध्ये मेंढीच्या मांसाची छोटी गोल पाई आणि सोबत बोव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचे गरम पेय, ही जोडी कित्येक पिढ्यांची आहे. किल्मार्नॉक क्लबच्या पाईची ख्याती तर संघाच्या ख्यातीपेक्षा मोठी मानली जाते.

मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी एक पाई मध्य इंग्लंडच्या मिडलँड्स भागात आढळते, ती म्हणजे चिकन बाल्टी पाई. १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी, विशेषतः काश्मिरी वंशाच्या लोकांनी लहान लोखंडी कढईत झटपट शिजवून त्याच कढईत वाढायच्या रश्शाला बाल्टी या नावाने लोकप्रिय केले, आणि पुढे तोच मसालेदार रस्सा पाईच्या आवरणात शिरून फुटबॉलच्या मैदानावर पोहोचला. आज तो देशभरच्या स्टेडियमांत मिळतो. मांसाहार न करणाऱ्यांसाठी एकेकाळी बटाट्याच्या काचऱ्या आणि चॉकलेट एवढेच पर्याय असत. ग्लॉस्टरशायरमधल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या छोट्या क्लबने मात्र २०१५ पासून आपल्या मैदानावरचे सगळे खाणे वनस्पतिजन्य केले आहे, दूधसुद्धा. आज मोठ्या क्लबांतही शाकाहारी पाई किंवा बर्गर बहुधा मिळतो.

किमती जास्त असतात, ही तक्रार रास्त आहे, पण त्यामागची कारणेही समजून घ्यावीत. प्रीमियर लीगच्या क्लबाला वर्षात घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने मिळतात. चषक आणि युरोपातले सामने धरले तरी ही शेकडो काउंटरांची, शीतगृहांची आणि ओव्हनांची यंत्रणा वर्षातले बहुतेक दिवस बंद पडून असते. कर्मचारी एका दिवसापुरते बोलवावे लागतात. शिक्षणासाठी तिकडे गेलेले भारतीय विद्यार्थीही या कामावर दिसतात, कारण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा सांभाळून शनिवार-रविवारचे काम त्यांना सोयीचे पडते. बिअरच्या कंपन्या विक्रीचा एकाधिकार मिळवण्यासाठी क्लबाला पैसे देतात, त्यामुळे काउंटरवर स्पर्धा उरत नाही. आणि तरीही क्लबाची खरी कमाई पाई-बिअरमधून होत नाही. ती होते खासगी खोल्या आणि सामन्यासोबत बसून जेवणाच्या महागड्या तिकिटांतून. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन याने आपल्याच मैदानावरचे काही प्रेक्षक पेय आणि कोळंबीचे सँडविच यांतच गुंग असतात, त्यांना मैदानावर काय चालले आहे ते कळत नाही, अशी जाहीर टीका केली होती. त्या टीकेनंतर कोळंबीचे सँडविच हे अशा प्रेक्षकवर्गाचे नावच पडले.

जर्मनीत काय वेगळे आहे

बुंडेसलीगा या जर्मनीतल्या सर्वांत वरच्या लीगच्या सामन्यात बिअर आसनावर नेता येते, इतकेच नव्हे तर विक्रेते पाठीवर बिअरची टाकी बांधून रांगांमधून फिरतात आणि जागेवर पेला भरून देतात. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० लोक उभे राहून सामना पाहतात, आणि त्या गर्दीतही हातोहात पेले पुढे सरकवले जातात. तिथे निर्बंध अजिबात नाहीत असे मुळीच नाही. मद्यविक्री स्थानिक पोलीस आणि प्रशासन यांच्या संमतीवर अवलंबून असते, आणि कट्टर प्रतिस्पर्ध्यांमधला धोक्याचा सामना असेल तर त्या दिवसापुरती कमी मद्यांशाची किंवा मद्यरहित बिअरच विकण्याची अट घातली जाते. म्हणजे इंग्लंडमध्ये निर्णय कायद्याने सर्वांसाठी एकदाच घेतलेला आहे, तर जर्मनीत तो प्रत्येक सामन्याचा धोका पाहून घेतला जातो. मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते.

पिण्याला नव्वद मिनिटे मिळाल्यामुळे मध्यंतरावरचा ताणही हलका होतो. तरीसुद्धा वेगाचा विचार तिथेही आहेच. गेल्सेनकिर्शनमधल्या शाल्के क्लबच्या २००१ साली उघडलेल्या स्टेडियममध्ये मध्यवर्ती शीतगृहांपासून काउंटरांपर्यंत बिअर वाहून नेणारे सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या नळ्यांचे जाळे आहे, आणि पैसे देण्यासाठी सुरुवातीपासून क्लबचे स्वतःचे कार्ड वापरले गेले. पुढे या स्टेडियमला एका बिअर कंपनीचेच नाव मिळाले.

जर्मन मैदानावरचे मुख्य खाणे म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज आणि ते धरायला पुरेसा इतकाच लहान पाव. त्यातही शहराशहरांचा अभिमान असतो: न्यूरेम्बर्गमध्ये बोटाएवढी तीन सॉसेजेस एका पावात मिळतात, आणि म्युनिकमध्ये, कोलोनमध्ये किंवा डॉर्टमुंडमध्ये पेल्यात बिअर असते ती त्या त्या गावची. पेल्यासाठी वेगळी अनामत रक्कम घेतली जाते आणि पेला परत केला की ती परत मिळते, त्यामुळे सामना संपल्यावर स्टँडमध्ये प्लास्टिकचा खच पडत नाही. हॅम्बुर्गच्या सेंट पॉली क्लबच्या मैदानावर स्वयंसेवक प्रेक्षकांकडून हे पेले दान म्हणून गोळा करतात आणि त्यांची अनामत पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पांसाठी वापरली जाते. एका साध्या पेल्याच्या पद्धतीतून इतके चांगले काम उभे राहते, याचे मला फार कौतुक वाटते.

विश्वचषकात मात्र यजमान देशाचा कायदा आणि प्रायोजकाचा करार यांची थेट टक्कर होते. ब्राझीलमध्ये स्टेडियममध्ये मद्यबंदी होती. २०१४ च्या स्पर्धेसाठी फिफाच्या आग्रहावरून २०१२ मध्ये खास कायदा करून ती बाजूला ठेवण्यात आली. कतारमध्ये उलटे घडले. २० नोव्हेंबर २०२२ रोजी स्पर्धा सुरू होण्याच्या फक्त दोन दिवस आधी स्टेडियमच्या आवारात बिअर विकली जाणार नाही असे जाहीर झाले आणि सर्वसामान्य प्रेक्षकांना मद्यरहित बिअरच मिळाली. महागड्या आसनांच्या पाहुण्यांना मात्र मद्य मिळत राहिले.

कायदा बदलण्याची चर्चा

इंग्लंडमधल्या कायद्याच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे, आणि ते टाळणे योग्य होणार नाही. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना होता. सामना रात्री आठला होता, पण सकाळपासूनच स्टेडियमभोवती हजारो लोक पीत होते, आणि संध्याकाळी तिकीट नसलेले अनेक जण दरवाजे फोडून आत शिरले. त्या दिवसाची चौकशी करणाऱ्या बॅरोनेस केसी यांनी मोठी प्राणहानी थोडक्यात टळल्याचे आपल्या अहवालात नोंदवले. पोलीस अधिकारी अशी उदाहरणे पुढे करून विचारतात की अशा गर्दीत आणखी मद्य कशासाठी? प्रश्न गंभीर आहे. पण त्या दिवशी १९८५ चा कायदा पूर्णपणे लागू होता, आणि सगळा गोंधळ झाला तो आसनावर बिअर पिणाऱ्यांमुळे नव्हे तर बाहेर, कोणत्याही मापाशिवाय, दिवसभर चाललेल्या पिण्यामुळे. आत आसनावर बसून बिअर पिण्याची सोय नसल्यामुळे लोक शेवटच्या क्षणापर्यंत बाहेरच्या पबमध्ये थांबतात आणि मग सगळे एकदम दरवाजावर येतात, हेही सुरक्षेच्या दृष्टीने चांगले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या फुटबॉल कारभाराच्या पुनर्विलोकनाने या विषयावर एक मोजूनमापून सूचना केली. चौथ्या आणि पाचव्या श्रेणीतल्या काही मैदानांवर, जिथे गर्दी कमी असते आणि पाई-बिअरचे उत्पन्न क्लबच्या जगण्याचा प्रश्न असतो, तिथे प्रायोगिक तत्त्वावर आसनावर मद्य नेऊ द्यावे आणि परिणाम तपासावेत, असे त्यात म्हटले होते. चार-पाच हजार प्रेक्षकांच्या क्लबाला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून फारसे काही मिळत नाही; त्याच्यासाठी शनिवारच्या दुपारी विकल्या गेलेल्या शंभर जास्तीच्या पाइंटांनाही अर्थ असतो. सरकारने ही सूचना पुढे नेली नाही.

प्रयोग सुरू झाला तो वेगळ्या वाटेने. १९८५ चा कायदा लागू होणाऱ्या लीगांच्या यादीत महिलांच्या लीग नाहीत, तरी तोवर तिथेही रिवाज म्हणून तोच नियम पाळला जात होता. २०२५ च्या सुरुवातीला महिलांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ब्रिस्टल सिटी, बर्मिंगहॅम सिटी, न्यूकॅसल युनायटेड आणि साउथॅम्प्टन या क्लबांनी आपल्या मैदानांवर प्रेक्षकांना बिअर आसनावर नेण्याची परवानगी देऊन पाहायला सुरुवात केली. या सामन्यांना येणाऱ्यांत मुलाबाळांसह आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे तिथे पाहण्यासारख्या गोष्टी दोन आहेत: शेजारच्या आसनावरच्या कुटुंबाला त्याचा त्रास होतो का, आणि मध्यंतरात कॉनकोर्समधली दाटी खरोखर कमी होते का. पुरुषांच्या लीगसाठी मात्र आधी संसदेला किंवा सरकारला तो जुना आदेश बदलावा लागेल, आणि तोवर टॉटनहॅमच्या दक्षिण स्टँडमधला प्रेक्षक पूर्वार्धाच्या चाळिसाव्या मिनिटाला उठून खाली रांगेत जाऊन उभा राहत राहील.